एक कंट्रोलर, दोन जोडण्या : शेडमधला ‘स्मार्ट’ थर्मोस्टॅट का फसतो?

डहाणू-तलासरीत हिवाळा सरता सरता एकाच दिवसात दोन ऋतू भेटतात. पहाटे तलासरीकडच्या पाड्यांवर शेकोटीशिवाय बसवत नाही आणि दुपारी दोनला पत्र्याखाली उभे राहवत नाही. अशा दिवसांत ब्रॉयलरच्या शेडमध्ये नवी पिल्ले उतरवली असतील, तर त्यांना पहाटे ऊब आणि दुपारी वारा, दोन्ही लागतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर साधारण ३२ ते ३४ अंश सेल्सिअस तापमान हवे. पुढे दर आठवड्याला ते दोन-तीन अंशांनी उतरवायचे. गारठली की पिल्ले एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. तापली की दिव्यापासून लांब सरकून चोच उघडी टाकून धापा टाकतात.

ही राखण आता मोबाइलवर दिसणाऱ्या थर्मोस्टॅटवर सोपवली जाते. ऑनलाइन मागवलेला किंवा वापीच्या दुकानातून आणलेला छोटा डबा, आत दोन रिले : एक दिव्यांसाठी, दुसरा पंख्यांसाठी. कल्पना चांगली आहे आणि माझा तिला विरोध नाही. पण डबा विकणारा वायरिंगचा नकाशा मराठीत देत नाही, बसवणारा वायरमन घराच्या बोर्डाच्या सवयीने तारा जोडतो आणि चूक पिल्लांच्या जिवावर बेतते. करार पद्धतीत पिल्ले आणि खाद्य कंपनीचे; शेड, वीज आणि जागरण शेतकऱ्याचे. मरतुक वाढली की किलोमागचा दर त्याचाच घसरतो.

दिवा लागतो, हीटर का लागत नाही?

सर्वाधिक गोंधळ इथेच. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ‘एसटीसी-१०००’ या कंट्रोलरला मागे आठ टर्मिनल असतात. १ आणि २ वर कंट्रोलरची स्वतःची वीज, ३ आणि ४ वर सेन्सर, ५ आणि ६ हीटिंग, ७ आणि ८ कूलिंग. पाच-सहा आणि सात-आठ या जोड्यांमधून वीज बाहेर येत नाही. ती फक्त बटणे आहेत, भिंतीवरच्या स्विचसारखी. हीटरच्या दोन्ही तारा थेट ५ आणि ६ मध्ये खोचल्या, तर डब्यावरचा हीटचा दिवा लागेल, रिलेचा ‘टक’ आवाजही येईल, पण हीटर थंडच राहील. फेज ५ मध्ये आणून ६ मधून हीटरकडे न्यायची आणि न्यूट्रल हीटरला थेट द्यायचा, हे साधे सूत्र.

वायफायचे कंट्रोलर वेगळ्या रचनेचे असू शकतात. काहींच्या रिलेतून आतूनच फेज बाहेर येते. म्हणून शेजाऱ्याच्या शेडमधली जोडणी पाहून आपली करू नये.

खरा धोका कुठे?

अमेरिकेतल्या घरांत भट्टी आणि एसी अनेकदा वेगवेगळे बसवलेले असतात आणि प्रत्येकाचा २४ व्होल्टचा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर असतो. तिथल्या थर्मोस्टॅटला म्हणून ‘आरएच’ आणि ‘आरसी’ अशी दोन टर्मिनल असतात. एकच ट्रान्सफॉर्मर असेल तर त्या दोघांमध्ये छोटा जोड ठेवतात. दोन असतील तर तो काढावाच लागतो, नाहीतर दोन वेगळे स्रोत एकमेकांना भिडतात. (परदेशातल्या मुलाने प्रेमाने पाठवलेला असा थर्मोस्टॅट इथे २३० व्होल्टला लावू नये. तो क्षणात जळतो.)

आपल्याकडे २४ व्होल्ट नाहीत, पण चूक तीच होते आणि फार महागात पडते. शेडला थ्री-फेज जोडणी असेल तर दिवे एका फेजवर आणि एक्झॉस्ट पंखे दुसऱ्या फेजवर असणे अगदी नेहमीचे. वायरमन कंट्रोलरच्या १ नंबरवरून फेजचा लूप काढतो आणि ५ ला नि ७ ला देतो. पंख्याच्या जुन्या स्विचवरून आलेली दुसऱ्या फेजची तारही ७ वरच राहिली असेल, तर दोन फेज थेट एकमेकांना भिडतात. मधला दाब २३० नव्हे, सुमारे ४०० व्होल्ट. भाताचा तूस पसरलेल्या शेडमध्ये तिथून उडालेली ठिणगी कुठवर जाईल, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून जोडण्याआधी वायरमनला एवढे करायला लावा : हीटिंगसाठी आलेली तार आणि कूलिंगसाठी आलेली तार यांच्यामधला दाब मल्टिमीटरने मोजायचा. शून्याच्या जवळ आला तर दोन्ही एकाच फेजवर आहेत. ४००च्या आसपास आला तर फेज वेगळ्या, लूप अजिबात नको. २३०च्या आसपास आला तर त्यातली एक तार न्यूट्रल आहे, म्हणजे कुणीतरी जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर घातला आहे. बंद दिसणाऱ्या दिव्याच्या होल्डरमध्ये तेव्हाही वीज असते. टेस्टरच्या लाल ठिपक्यावर हे तिन्ही कळत नाही. मोजणी वायरमननेच करावी. जोडताना मात्र मेन स्विच बंद आणि त्याच्या किल्लीवर एकाचाच ताबा.

रिले किती ओझे उचलतो?

डब्यावर १० अँपिअर लिहिलेले असते आणि सगळे तिथेच निश्चिंत होतात. २५० वॅटचे आठ इन्फ्रारेड दिवे म्हणजे २,००० वॅट, २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर. कागदावर बसते, पण पिल्लांच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत हा रिले रात्रभर उघडझाप करतो, आतले संपर्क झिजतात आणि एखाद्या रात्री चिकटतात. मग स्क्रीनवर हीटर बंद, मोबाइलवर बंद, आणि शेडमध्ये दिवे ढणाढणा चालू. गारठ्यापेक्षा मी या प्रकाराला जास्त घाबरतो, कारण यात मालक निवांत झोपलेला असतो. कंट्रोलरच्या रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी, ओझे कॉन्टॅक्टरने उचलावे. त्या कॉइलच्या वाटेवर ३८ अंशांना तुटणारा एक साधा, बिनमोबाइलचा थर्मोस्टॅट घालावा. पंख्याची मोटर सुरू होताना कितीतरी पट जास्त प्रवाह ओढते, तिलाही कॉन्टॅक्टर हवाच. जमीन ओली असते, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि खरीखुरी अर्थिंग यांत काटकसर नको.

हीटर आणि पंखा आळीपाळीने भांडत असतील तर बहुतेक वेळा वायरिंग निर्दोष असते. एसटीसी-१००० मध्ये तापमान ३३ आणि फरक अर्धा अंश ठेवला, तर ३२.५ ला दिवे लागतात, ३३ ला विझतात, पण त्यांची धग पुढे चढत ३३.५ ओलांडते आणि पंखा तीच ऊब बाहेर फेकतो. फरक दीड-दोन अंश करा. सेन्सर दिव्याखाली किंवा भिंतीवर नको. पिल्लांच्या पाठीच्या उंचीला, कडेच्या बाजूला टांगा. कूलचा दिवा लुकलुकत असेल तर तो बिघाड नव्हे, कॉम्प्रेसरसाठी ठेवलेला विलंब आहे. पंख्यासाठी तो कमीत कमी करता येतो.

पंखा म्हणजे फक्त थंडावा नव्हे, हे मात्र कंट्रोलरला ठाऊक नसते. थंडीत पडदे पाडून ऊब राखली की तुसातला अमोनिया साचतो आणि पिल्लांचे डोळे चुरचुरतात. तापमान कमी असल्याने कूलिंगचा रिले रात्रभर गप्प. म्हणून एक छोटा पंखा वेगळ्या टायमरवर ठेवावा लागतो. फॉगरचेही तसेच : डहाणूच्या किनाऱ्यालगत मे महिन्यातल्या दमट हवेत पाणी सुकतच नाही, नुसता तूस भिजतो. तिथे फॉगर थर्मोस्टॅटला जोडण्यापेक्षा हाताने चालवलेला बरा.

आणि नेट गेले तर? कंट्रोलरने स्वतःच्या जिवावर काम चालू ठेवलेच पाहिजे. विकत घेताना दुकानात राउटर बंद करून हे तपासा. वीज गेली तर गॅस ब्रूडर तयार हवा.

करार करणाऱ्या कंपन्या पिल्लांसोबत लसीकरणाचा तक्ता देतात. त्याच लिफाफ्यात त्या शेडच्या फेज, कॉन्टॅक्टर आणि टर्मिनल दाखवणारा मराठी नकाशा देणे त्यांना जड नाही. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात वायरमन आणि पोल्ट्रीवाले एकत्र बसवून एक दिवसाचा वर्ग घेता येईल. तोवर निदान एवढे करा : जोडणी झाली की तारा झाकण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक तारेला चिकटपट्टीवर नंबर लिहा आणि कागद बोर्डाच्या दाराला आतून लावा. पुढच्या बॅचला तोच वायरमन मिळेल याची खात्री नसते.