आधी मुदत, मग मोटार

मध्यमवर्गीय कुटुंबात घराच्या खालोखाल मोठी खरेदी असते ती मोटारीची. आलिशान सेडान घ्यावी की प्रशस्त एसयूव्ही, यावर घरात आठवडेच्या आठवडे खल चालतो. कर्ज किती वर्षांत फेडावयाचे, हे मात्र शोरूममध्ये पाच मिनिटांत ठरते. आमच्या मते हा क्रम उलटा हवा.

उदाहरणादाखल शोरूम किंमत १६ लाख रुपये असलेली गाडी घेऊ. नोंदणी, रस्ता कर व विमा धरून ती १८ लाखांच्या घरात जाते. पैकी १५ लाखांचे कर्ज ९ टक्के दराने ७ वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे २४,१३४ रुपये येतो. ५ वर्षांसाठी ३१,१३८ रुपये. पहिला हप्ता हलका भासतो; परंतु त्यात एकूण व्याज सुमारे ५.२७ लाख जाते, तर दुसऱ्यात ३.६८ लाख.

खरा धोका घसाऱ्यात आहे. मोटार विम्याच्या रूढ कोष्टकानुसार तीन वर्षे उलटताच विमामूल्यातून ४० टक्के घसारा वजा होतो. म्हणजे आपल्या गाडीचे विमामूल्य ९.६० लाख उरते, आणि सात वर्षांच्या कर्जाची बाकी असते सुमारे ९.७० लाख! अशा वेळी गाडी चोरीस गेली, तर भरपाईची सारी रक्कम भरूनही कर्ज मागे उरते. पाच वर्षांच्या कर्जात तेव्हा बाकी असते ६.८२ लाख.

पाच वर्षांचा हप्ता झेपत नसेल, तर एक पायरी खालची गाडी निवडण्यात कमीपणा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोलच्या १२०० वा डिझेलच्या १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्या पेट्रोल-डिझेल सेडान व एसयूव्ही, दोहोंवर ४० टक्के.

यानंतर प्रश्न उरतो गरजेचा. चौघांचे कुटुंब, डांबरी रस्ते आणि महामार्गाचा प्रवास असेल, तर बुटकी, वारा सहज कापणारी सेडान इंधन वाचविते व स्थिर धावते. घरात गुडघेदुखीने त्रस्त ज्येष्ठ असतील, वा गावाकडचा रस्ता खडबडीत असेल, तर एसयूव्हीची उंची उपयोगी पडते. तिसऱ्या रांगेचा मोह असल्यास सर्व आसने भरून मागे बॅगा किती मावतात, हे प्रत्यक्ष पाहावे. सनरूफवर खर्च करण्याआधी, ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप चाचणीत त्या गाडीला किती तारे मिळाले, हेही तपासावे.

बँकेच्याच मासिकाने कमी मुदतीचे कर्ज सुचवावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु हप्ते संपल्यावरही जी गाडी दोन-चार वर्षे सुखाने चालते, तीच पुरेपूर मोल देते, आणि असा निश्चिंत ग्राहकच पुढील कर्जासाठी बँकेची पायरी आनंदाने चढतो.