हवेवर पहिला हक्क ब्रेकचा

पुण्याहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि नांदेडहून बिदरमार्गे कलबुर्गीकडे उतरणारा महामार्ग ५० हुमनाबादला एकमेकांना छेदतात. २००१ साली व्होल्वोची बी७आर बस भारतात आली. मागच्या अ‍ॅक्सलवर पाट्यांऐवजी हवा असली की रात्रभराच्या प्रवासानंतरही पाठ शाबूत राहते, हे अशा गाड्यांनी या रस्त्यांवरच्या प्रवाशांना दाखवून दिलं. आता रुग्णवाहिकेचे, छोट्या स्लीपर गाडीचे मालक बसवकल्याणपासून आळंदपर्यंतच्या कारागिरांकडे तेच मागू लागले, तर नवल नाही. मागणी रास्त आहे. आमचं म्हणणं पाइप कुठून काढायचा एवढ्यापुरतंच आहे.

सर्वांत सोपी वाट म्हणजे ब्रेकच्या टाकीवर एक टी बसवून बेलोला, म्हणजे पाट्यांच्या जागी बसणाऱ्या हवेच्या रबरी फुग्याला, हवा देणं. ती वाट कोणीही धरू नये. नायलॉनचा पाइप चासीच्या कडेला घासून फुटला, तर बेलोबरोबर ब्रेकची हवाही जाते. स्प्रिंग ब्रेकची गाडी असेल तर मागची चाकं भर रस्त्यात जाम होतात. सस्पेन्शनला स्वतःची टाकी हवी, तिच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा आणि त्याच्याही आधी प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह हवा. ब्रेकच्या बाजूचा दाब ठरलेल्या पातळीखाली गेला की हा व्हॉल्व्ह पुढची वाट बंद करतो. मूळ गाडीत चार सर्किटांचा प्रोटेक्शन व्हॉल्व्ह असेल, तर इतर कामांसाठी ठेवलेल्या तोंडातूनच हवा घ्या. हायड्रॉलिक ब्रेकच्या पिकअपला वेगळा विजेचा कॉम्प्रेसर लागतो. त्याला रिले, फ्यूज आणि प्रेशर स्विच तिन्ही हवेत.

बेलो निवडताना हिशेब करा. दाबाला परिणामी क्षेत्रफळाने गुणलं की भार मिळतो. क्षेत्रफळ २५० चौरस सेंटिमीटर असेल, तर ४ किलो दाबावर एक बेलो १,००० किलो पेलतो. भार दुप्पट झाला की ८ किलो दाब लागेल, आणि तेवढा तर बहुधा टाकीतच जेमतेम असतो. अशा ठिकाणी मोठा बेलो घ्यावा. कॉम्प्रेसरला राबवून उपयोग नाही.

नियंत्रणाबाबत आमचं मत ठाम आहे. केबिनमध्ये दाबाचं घड्याळ आणि हाताची कळ देऊन चालकाला दाब ठेवायला सांगणं हे नियंत्रण नव्हे. माणसं चढली-उतरली की भार बदलतो. दाब तोच राहिला तर उंची बदलते, आणि उंची बदलली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून क्रॉस झिजतात. उंची लेव्हलिंग व्हॉल्व्हनेच राखावी. पुढे पाटे असतील तर मागे डावीकडे एक आणि उजवीकडे एक. दोन्ही बेलो एकाच मोकळ्या पाइपने जोडले, तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा हलक्या बाजूला पळते आणि गाडी आणखी कलंडते. चारही कोपऱ्यांना हवा असेल तेव्हा मात्र पुढे एकच व्हॉल्व्ह ठेवा. तीन बिंदूंनी पातळी ठरते, चौथा व्हॉल्व्ह उरलेल्या तिघांशी भांडत राहतो.

पाट्यांबरोबर आणखी एक गोष्ट निघून जाते, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. अनेक गाड्यांत मागच्या ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह एका दांडीने अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. माल भरला की चासी खाली बसते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. हवेवरची चासी खाली बसतच नाही. दांडी जागची हलत नाही, व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच राहते आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक अपुरे पडतात. एअर ब्रेकच्या गाडीत बेलोच्या दाबावरून भार ओळखणारा व्हॉल्व्ह बसवता येतो. हायड्रॉलिक गाडीत काय करायचं, ते उत्पादकाला लेखी विचारा. उत्तर मिळालं नाही, तर ते काम घेऊ नका. पैसे बुडाले तरी चालतील.

तसंही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत सांगितलं आहे. गाडी कलबुर्गीच्या केए ३२ ची असो वा बिदरच्या केए ३८ ची, आरटीओत बदलाची नोंद झाल्याशिवाय ती रस्त्यावर सोडू नये.

आपल्या भागाचे काही खास त्रास आहेत. वाडी, शहाबाद, सेडमकडची सिमेंटची आणि फरशीची धूळ लेव्हलिंग व्हॉल्व्हच्या सांध्यांत बसते. पावसाळ्यात टाकीत पाणी साचतं, म्हणून एअर ड्रायर हवाच आणि ड्रेन कॉक हाताला लागेल असा असावा. पाइप सायलेन्सरपासून दूर न्या. प्रत्येक फिटिंगला साबणाचं पाणी लावा, मग गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी दोन्ही बाजूंची उंची मोजा.

ताबा देण्याआधी गाडी भरून वजनकाट्यावर न्या. रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळची उंची आणि बेलोचा दाब चालकाच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहा. गाडी पुढे सोलापुरात बिघडेल की जहिराबादेत, कोणाला ठाऊक. तिथल्या मिस्त्रीला हे आकडे लागतील.