समिती कोणाची?

रायपूर शहराला लागून असलेल्या उरला औद्योगिक क्षेत्रात पोलाद वितळविणाऱ्या विजेच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल आहेत. या भट्टीला आतून गारगोटीच्या भुकटीचे अस्तर ठोकून द्यावे लागते. ते झिजले की फोडून काढावे लागते व पुन्हा नवे ठोकावे लागते. फोडताना उडणाऱ्या धुळीतील, डोळ्यांना दिसतही नाही असा बारीक अंश फुप्फुसांत खोल जाऊन बसतो व कालांतराने सिलिकोसिस हा असाध्य रोग जडवितो. तोंडावर बांधलेला गमछा तिला थोपवू शकत नाही. पुष्कळदा या रोगाचे निदान क्षय म्हणून होते, क्षयाची औषधे चालू राहतात, आणि धुळीचा उल्लेख कोणत्याही कागदावर येत नाही.

मालकवर्गात अलीकडे 'कर्मचारी वेलनेस समिती' स्थापन करण्याची टूम निघाली आहे. योगासनांचे वर्ग, रक्तदाबाची तपासणी, मानसिक ताणावर व्याख्यान, असा तिचा कार्यक्रम असतो. योगासनांशी आमचे वैर नाही. प्रश्न इतकाच, की या समितीवर बसतो कोण आणि तिला विचारता येते काय? ठेकेदाराच्या हजेरीपटावरील मजूर हा कंपनीच्या लेखी 'कर्मचारी'च नसतो. सर्वांत जास्त धूळ ज्याच्या वाट्याला येते, तोच नेमका समितीच्या दाराबाहेर उभा राहतो.

यावर आपले काही कॉम्रेड म्हणतात, ही मालकांची फसवेगिरी आहे, तिकडे लक्ष देऊ नये. हे मत आम्हांला चुकीचे वाटते. १९२८ च्या सार्वत्रिक संपात मुंबईच्या गिरणी कामगारांनी लाल बावट्याखाली गिरणीगिरणीतून समित्या उभ्या केल्या, त्या मालकाच्या परवानगीने नव्हे. कारखान्याच्या आतील सत्तेचा प्रश्न त्यांनी हाती घेतला होता, आणि कामाच्या जागी आपण कोणती हवा श्वासात घेणार हा त्याच सत्तेचा प्रश्न आहे.

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायूने हजारोंचे बळी घेतल्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या प्रत्येक कारखान्यात सुरक्षा समिती नेमणे व तीत कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे समसमान प्रतिनिधी घेणे मालकावर बंधनकारक झाले. लोह-पोलाद उद्योग त्या यादीत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेने तो कायदाच रद्द केला. आता सरकार आदेशाद्वारे अशी समिती नेमावयास सांगू 'शकेल'. मालकावरचे बंधन सरकारच्या मर्जीवर आले. ठेका मजुरांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादाही २० वरून ५० मजुरांवर नेण्यात आली; हजेरीपट दोन ठेकेदारांत वाटून टाकण्याची युक्ती कोणाला शिकवावी लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये उरल्याशेजारच्या सिलतऱ्यात एका पोलाद कारखान्यातील बांधकाम कोसळून सहा जण मृत्युमुखी पडले, त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच हे घडले.

छत्तीसगडच्या कामगारांना आरोग्याचा लढा नवा नाही. भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली राजहऱ्याच्या ठेका खाणकामगारांनी १९७७ साली प्रस्थापित संघटनांकडे पाठ फिरवून आपली स्वतंत्र संघटना काढली. त्या प्रस्थापितांत लाल बावट्याचीही संघटना होती, हे आपण विसरता कामा नये. जून १९७७ मधील गोळीबारात त्यांचे ११ साथी गेले. त्यांच्या स्मरणार्थ १९८३ साली स्वतःच्या पैशाने व श्रमाने त्यांनी शहीद रुग्णालय उभारले. १९९० साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली भिलाईच्या खासगी कारखान्यांत सुरू झालेला कायम नोकरी व जगण्यापुरत्या वेतनाचा लढा उरल्यापर्यंत पोहोचला होता. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची हत्या झाली. त्यांच्याशी आपले मतभेद होते. परंतु ठेका मजूर हा संघटनेचा परीघ नसून गाभा आहे, हे त्यांनी आपल्याआधी ओळखले.

म्हणून वेलनेस समिती निघाली, तर तीत शिरले पाहिजे, आणि न निघाली तर ती मागितली पाहिजे. मात्र आपल्या अटींवर. प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडावेत व ठेका मजुरालाही मत असावे. कामगारांचे प्रतिनिधी मालकांच्या प्रतिनिधींहून कमी नसावेत, एवढे तर नव्या संहितेतही शाबूत आहे. छातीचे क्ष-किरण चित्र आणि तपासणीचा अहवाल कामगाराच्या हाती पडावा, ठेकेदार बदलला तरी. धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसेपर्यंत अस्तर फोडण्याचे काम थांबविण्याचा अधिकार समितीला असावा. बैठकीचे इतिवृत्त हिंदीत व छत्तीसगढीत फाटकावर वाचून दाखवावे. हे शेवटचे कलम किरकोळ वाटेल, पण मालक सर्वांत आधी त्यालाच विरोध करील.

राज्य सरकारने सर्व भट्टी-कारखान्यांसाठी समितीचा आदेश काढावा, ही मागणी रायपुरात व्हावी, तशी जालन्यातही. तेथील पोलाद कारखान्यांतही याच भट्ट्या आहेत, आणि परप्रांतातून आलेले मजूरही. जालन्याच्या साथींनी आपापल्या कारखान्यात अस्तर कोण फोडतो, कोणाच्या हजेरीपटावर फोडतो आणि त्याची छाती शेवटची कधी तपासली गेली, याची नोंद करून आमच्याकडे पाठवावी.