वाया गेलेले वर्ष कोणते?

बारावीनंतर एक वर्ष महाविद्यालयाबाहेर काढणाऱ्या विद्यार्थ्याला महाराष्ट्रात दोन वेगळे न्याय लावले जातात. तो लातूरला किंवा कोट्याला राहून ‘नीट’ची पुन्हा तयारी करणार असेल, तर सारे घर त्याच्या दिमतीला उभे राहते; प्रसंगी कर्जही काढले जाते. शिकवणीवर्गांनी तर ‘रिपीटर बॅच’ हा स्वतंत्र संसारच थाटला आहे. परंतु तोच मुलगा एखाद्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी करून फीपुरते पैसे जमवीन म्हणाला, की वर्ष वाया गेले! मुलगी असेल, तर स्थळे पाहण्यास आरंभ होतो; मग कसले महाविद्यालय?

पुढल्या जूनमध्ये या खंडाचा खुलासा अनेक ठिकाणी प्रतिज्ञापत्रावर मागितला जातो. मधल्या काळात अन्यत्र प्रवेश घेतला नव्हता, हे शपथेवर सांगायचे. त्या वर्षात काय शिकलात, हे कोणी विचारीत नाही.

मालिया ओबामा यांनी 2016 साली हार्वर्डचा प्रवेश वर्षभर लांबणीवर टाकला, तेव्हा त्यांची जागा त्यांच्यासाठी राखलेली होती. भेद आहे तो येथे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवी मध्येच थांबवून परतण्याची वाट खुली केली; उंबरठ्यावर थांबणाऱ्याचा विचार मात्र राहून गेला. वैद्यकीय जागांचे सोडा, त्यांची चणचण खरीच आहे. पण कला शाखेच्या अनेक वर्गांत बाके रिकामीच असतात. तेथे एक जागा वर्षभर राखण्यास कोणती अडचण आहे, हे विद्यापीठांनी सांगावे.