पालाश आणि हृदय

शेतकऱ्याच्या तोंडी पालाश हा शब्द नत्र व स्फुरद यांच्या जोडीने येतो. हेच मूलद्रव्य, रसायनशास्त्र ज्याला पोटॅशियम म्हणते, अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या उशाशी रात्रंदिवस मोजले जात असते, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते.

सत्तर किलो वजनाच्या मनुष्याच्या देहात सुमारे ३,५०० मिलिमोल पोटॅशियम असते. त्यातील शेकडा ९८ भाग पेशींच्या आत कोंडलेला असून रक्तद्रवात दर लिटरमागे केवळ ३.५ ते ५ मिलिमोल आढळते. एवढ्याशा अंशावर हृदयाचा ठोका अवलंबून असतो. लंडनचे वैद्य सिडने रिंगर यांनी १८८० नंतरच्या काही वर्षांत बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखविले की, पोटॅशियम व कॅल्शियम यांचे योग्य प्रमाण असलेल्या द्रावणातच ते हृदय नीट चालत राहते.

हे प्रमाण कसे बिघडते, ते पाहण्यास पोलादाच्या गावाइतके योग्य स्थळ नाही. गोंदियाहून रायपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्गनंतर भिलाई लागते. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारान्वये येथे कारखाना उभारण्यात आला व ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. जेथे तप्त रस वाहतो तेथे भाजण्याचे भय असणारच. कारखान्याच्या सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयातील भाजलेल्या रुग्णांचा विभाग म्हणूनच सर्वदूर परिचित आहे. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक भट्टीच्या वायुनलिकेवर भडका उडून दहांहून अधिक कामगार प्राणांस मुकले. त्या दिवशीचे होरपळलेले लोकही याच रुग्णालयात आणण्यात आले होते.

त्वचा व स्नायू जळाले म्हणजे पेशी फुटतात आणि आत कोंडलेले पोटॅशियम रक्तात उतरते. विजेच्या धक्क्याने भाजलेल्या मनुष्याचे स्नायू खोलवर नष्ट झालेले असतात. वरची जखम लहान दिसते, आतला पूर मोठा असतो. त्यातच रक्ताचे आकारमान घटून मूत्रपिंडे मंदावली, की बाहेर जाण्याची वाट बुजते. हृदयाच्या विद्युत् आलेखावर उंच, टोकदार लहरी उमटू लागतात, पुढे आलेख रुंदावतो आणि अखेर हृदय थांबते. दोन-तीन दिवसांनी चित्र पालटते. मूत्रावाटे व जखमांतून पोटॅशियम वाहून जाते, आणि काल ज्याचे आधिक्य होते त्याचाच आज तुटवडा पडतो. तुटवड्यानेही हृदयाची लय बिघडतेच. म्हणून एकदा मिळालेला आकडा दुसऱ्या दिवशी निरुपयोगी ठरतो.

आकडाही फसवा असू शकतो. बारीक सुईतून रक्त जोराने ओढले, तर तांबड्या पेशी नळीतच फुटतात व नसलेले आधिक्य कागदावर उमटते. रुग्ण शांत, आलेख निर्दोष आणि आकडा सातावर, असे दिसले तर घाईने तोच आकडा खरा मानू नये. नमुना त्वरित पुन्हा घ्यावा. उलट आलेखच बिघडला असेल, तर अहवालाची वाट पाहणे घातक होय.

उपचार महागडे नाहीत. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून दिल्याने पोटॅशियम कमी होत नाही, परंतु हृदयास कवच लाभते. इन्शुलिन व ग्लुकोज यांच्या योगे ते काही तास पेशींत परत ढकलता येते. देहाबाहेर घालविण्याचे काम मूत्रल औषधांचे अथवा डायलिसिसचे. हे सारे ठाऊक असूनही रुग्ण दगावतो तो पुष्कळदा शिस्तीच्या अभावी. मोठमोठी यंत्रे विकत घेण्यात धन्यता मानणाऱ्या रुग्णालयांनी प्रथम रक्ताचा अहवाल काही मिनिटांत खाटेपाशी पोहोचेल अशी सोय करावी. हा खर्च अनाठायी नव्हे.

दुसरी सुधारणा तर जवळजवळ फुकट आहे. पोटॅशियम क्लोराइडच्या दहा मिलिलिटरच्या एका कुपीत सुमारे २० मिलिमोल द्रव्य असते. ते पातळ न करता शिरेत एकदम गेले तर हृदय बंद पडते, आणि ही कुपी व शुद्ध पाण्याची कुपी यांच्या दिसण्यात पुष्कळदा फारसा भेद नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली अशा तीव्र द्रावणांवर नियंत्रण ठेवण्याची शिफारस केली; तरीही सामान्य कक्षाच्या फळीवर ही कुपी इतर औषधांच्या शेजारी ठेवण्याची चाल मोडलेली नाही. आणीबाणीत कुपी हाताशी हवी, असा एक युक्तिवाद ऐकू येतो. तो टिकणारा नाही. तुटवडा भरून काढावयाचा तो पातळ द्रावणाने आणि बेताने, सामान्यतः तासाला दहा मिलिमोलच्या आसपास. त्याहून वेगाने द्यावयाचे झाल्यास हृदयाच्या आलेखावर अखंड नजर ठेवूनच. अशा कामात कुलपाची किल्ली आणावयास लागणारी दोन मिनिटे कोणाचे नुकसान करीत नाहीत. कुपी अतिदक्षता विभागाच्या स्वतंत्र, कुलूपबंद कपाटात असावी, आणि ती फोडण्यापूर्वी तिच्यावरील नाव दोन परिचारिकांनी मोठ्याने वाचावे.