हिमालयाची वाट आणि रजेचा हिशेब

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ येऊ लागली, की मध्यमवर्गीय मराठी घरांतून प्रवासाचे बेत शिजू लागतात. एके काळी हे बेत काशी-रामेश्वराचे असत, फार तर महाबळेश्वर-माथेरानचे. आता त्यांत हिमालयातील पदभ्रमणाची भर पडली आहे. रविवारी सिंहगड चढणारा शिक्षक, पावसाळ्यात राजमाचीला जाऊन आलेली विद्यार्थिनी, दोन वर्षांची रजा साठवून बसलेला कारकून अशी सारी मंडळी एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत पायी जाण्याचे मनसुबे रचताना दिसतात. या बदलाचे स्वागतच केले पाहिजे. पर्वताची ओढ हे निरोगी समाजमनाचे लक्षण आहे. तथापि, या ओढीला खतपाणी घालणारे एक वाक्य मात्र पारखून घ्यावयास हवे. ‘गिर्यारोहणाचा अनुभव आवश्यक नाही,’ हे ते वाक्य.

हे वाक्य खोटे नाही. नेपाळातील लुक्ल्यापासून एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंतची वाट दोराची वा बर्फकुऱ्हाडीची अपेक्षा करीत नाही. त्या वाटेने याक ओझी वाहतात, गावकरी बाजारहाट करतात, मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी निवारा, गरम जेवण आणि अंथरूण मिळते. पण हे सत्य अर्धेच आहे. दोर नको, एवढ्याने धोका नाही असे ठरत नाही. किंबहुना वाट सोपी असल्यामुळेच धोका नजरेआड होतो. कड्यावर माणूस आपोआप सावध राहतो. चहाच्या पेल्यासमोर, उबदार शेगडीपाशी बसलेल्या माणसाला आपण संकटाच्या छायेत आहोत, हे सुचतही नाही.

उंचीचे आकडेच पाहावेत. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. लुक्ला, म्हणजे जेथून चालण्यास केवळ प्रारंभ होतो ते ठिकाण, सुमारे २,८६० मीटरवर आहे. कळसूबाईच्या माथ्याहून ते बाराशे मीटर उंच भरते. बेस कॅम्प आहे ५,३६४ मीटरवर. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेथेही मुंबईइतकेच, सुमारे २१ टक्के असते; परंतु हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा उरतो. साहजिकच प्रत्येक श्वासागणिक फुप्फुसात जाणारा प्राणवायूही निम्म्यावर येतो. ज्या शरीराची सारी हयात ठाण्यात, सोलापुरात किंवा नागपुरात गेली, त्याने ही तूट एका आठवड्यात भरून काढावी, अशी अपेक्षा या प्रवासात केली जाते.

शरीर ही तूट भरून काढू शकते, हा निसर्गाचा चमत्कारच आहे. श्वास खोल आणि जलद होतो, मूत्रपिंडे रक्तातील रसायनांचा तोल नव्याने साधतात, कालांतराने तांबड्या पेशी वाढतात. मात्र या सर्व क्रियांना दिवस लागतात आणि हे दिवस कोणत्याही उपायाने विकत घेता येत नाहीत. ते न देता माणूस वर चढत गेला, की डोके दुखू लागते, मळमळते, भूक मरते, झोप उडते. हा उंचीचा सौम्य विकार होय. त्याकडे दुर्लक्ष झाले तर फुप्फुसांत पाणी साचते किंवा मेंदूला सूज येते. मग हिशेब दिवसांचा राहत नाही, तासांचा होतो.

येथे असा आक्षेप घेतला जाईल, की हे भय म्हाताऱ्यांसाठी व अशक्तांसाठी आहे. धडधाकट तरुणांना त्याचे काय? याचे उत्तर बरेच जुने आहे. पीटर हॅकेट आणि ड्रमंड रेनी या डॉक्टरांनी याच वाटेवरील फेरिचे या सुमारे ४,२४० मीटर उंचीवरील गावी २७८ पदयात्रींची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १९७६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के लोकांना उंचीचा विकार जडलेला आढळला. तरुणांत त्याचे प्रमाण अधिक होते. विमानाने लुक्ल्यास उतरलेल्यांत आणि भराभर चढून आलेल्यांतही ते अधिक होते. पूर्वी उंचीवर जाऊन आल्याच्या अनुभवाने मात्र कोणाचा बचाव झालेला दिसला नाही. म्हणजे ज्या अनुभवाची गरज नाही असे सांगितले जाते, तो असला तरी तेवढ्याने भागत नाही. तेथे उपयोगी पडतो तो वेळ.

हाच धडा भारतीय लष्कराने फार मोठी किंमत देऊन गिरवला. १९६२च्या युद्धात मैदानी प्रदेशातील जवानांना घाईघाईने उंचावरील सीमेवर न्यावे लागले आणि शत्रूच्या गोळीइतकेच विरळ हवेनेही त्यांना हैराण केले. लष्करी डॉक्टरांनी त्यानंतर या विकाराचा केलेला अभ्यास जगभर आधारभूत मानला गेला. त्यातूनच आजची शिस्त आली. सुमारे २,७०० ते ३,६०० मीटर उंचीवर जवानाने सहा दिवस काढावयाचे, त्यांतले पहिले दोन विश्रांतीचे. त्यापुढील ४,५०० मीटरपर्यंतच्या टप्प्यास चार दिवस आणि त्याहून वर जावयाचे तर आणखी चार. रोज कवायत करणाऱ्या तरुण सैनिकाला जी सवलत सक्तीने घ्यावी लागते, ती वर्षभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या नागरिकाला अनावश्यक वाटावी, यास काय म्हणावे?

याचे कारण पर्वतावर शोधू नये. ते रजेच्या अर्जात आहे. नोकरदाराला मिळून मिळून पंधरा दिवस मिळतात. त्यांत मुंबईहून काठमांडूला जाणे-येणे असते. लुक्ल्याची विमाने हवामानाच्या लहरीवर उडतात, म्हणून एक-दोन दिवस हाताशी ठेवावे लागतात. मग उरलेल्या दिवसांना कात्री लावावयाची, तर ती कोठे? ती हमखास विश्रांतीच्या मुक्कामांवर चालते. सर्वसाधारण आखणीत वर जाण्यास आठ दिवस ठेवतात आणि त्यांतला एकेक जादा दिवस सुमारे ३,४४० मीटरवरील नामचे व ४,४०० मीटरवरील डिंगबोचे येथे काढतात. कागदावर हे दोन दिवस रिकामे दिसतात. वस्तुतः साऱ्या प्रवासातील सर्वांत महत्त्वाचे काम त्याच दिवशी होत असते. दिवसा तीन-चारशे मीटर चढून जावे आणि झोपावयास पुन्हा खाली यावे, हा तेथील जुना परिपाठ. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक उंचावू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तेथेच थांबावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. जी सहल हे दोन दिवस वाचवून स्वस्त होते, ती स्वस्त नसते.

मग तयारी करावयाची ती कशाची? पायांची तयारी अर्थातच हवी आणि तीन-चार महिने आधीपासून हवी. या बाबतीत सह्याद्रीसारखा गुरू नाही. आठ-दहा किलोंची पाठपिशवी घेऊन हरिश्चंद्रगड किंवा राजगड-तोरणा करणे, शनिवारी चाललेल्या पायांना रविवारीही चालावयास लावणे, लिफ्ट असूनही जिना चढणे आणि विशेषतः न घसरता उतरणे, हे सारे पुढे कामास येते. नवे बूट दोन महिने आधी घेऊन येथील दगडधोंड्यांवरच मऊ करावेत. घामाने ओला झालेला सुती कपडा थंडीत अंगाचा वैरी ठरतो. म्हणून लोकरीचे किंवा लवकर वाळणारे कपडे एकावर एक घालण्याची सवय करावी. रक्तदाब, मधुमेह, हृदयाची वा श्वासाची व्याधी किंवा रक्ताचा आजार असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. विकार टाळण्यासाठी दिले जाणारे ॲसिटाझोलामाइड हे औषधही त्यांनाच विचारून घ्यावे आणि ते संथपणाला पर्याय नव्हे, हे ध्यानात ठेवावे. उंचीवर पाणी पुरेसे प्यावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य कराव्यात.

परंतु सह्याद्री एक गोष्ट शिकवीत नाही. उलट तिच्या विरुद्ध सवय लावतो. येथे गड झपाट्याने चढण्यात भूषण मानले जाते. कोण किती मिनिटांत वर पोहोचला याची चर्चा घरी परतेपर्यंत चालते. मागे राहणाऱ्याची थट्टा होते. ही स्पर्धा हजार मीटरवर निरुपद्रवी असते, पाच हजार मीटरवर ती घातक ठरते. तेथे जो गप्पा मारता येतील इतक्या सावकाश चालतो, तोच बहुधा सुखरूप पोहोचतो. म्हणून तयारीचा अवघड भाग पायांचा नसून स्वभावाचा आहे. डोके दुखू लागताच ते सोबत्यांना सांगणे, ही त्या तयारीची पहिली कसोटी होय. अनेक जण ते सांगत नाहीत. सांगितले तर थांबावे लागेल, आपल्यापायी इतरांचा खोळंबा होईल, ऑफिसात निरोप देणाऱ्या सहकाऱ्यांना काय तोंड दाखवावे, असे विचार त्यांची जीभ धरून ठेवतात. सोबतीही ‘होईल ठीक’ म्हणून धीर देतात. हा धीर नव्हे, हे अज्ञान आहे.

पर्वतावरील वैद्यांनी यासाठी तीन साधे नियम घालून दिले आहेत. उंचीवर बरे वाटेनासे झाले, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच विकार समजावा. लक्षणे असताना आणखी वर झोपावयास जाऊ नये. लक्षणे वाढू लागली, बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर रात्र असो की पाऊस, तत्काळ खाली उतरवावे. आजारी माणसाला कधीही एकट्याने उतरू देऊ नये, हे ओघानेच आले. हे नियम शाळकरी मुलालाही पाठ होतील. ते पाळण्याची वेळ मात्र साठवलेली रजा, भरलेले पैसे आणि चार पावलांवर आलेले ध्येय यांच्या समोर येते. त्या क्षणी कसे वागावयाचे, हे घरी असतानाच ठरवून ठेवणे यालाच खरी तयारी म्हणतात.

ही जबाबदारी एकट्या प्रवाशावर टाकणे मात्र न्यायाचे होणार नाही. सहली नेणाऱ्यांनी आखणीत विश्रांतीचे दिवस स्पष्ट दाखवावेत, गटातील कोणालाही खाली धाडण्याचा नेत्याचा अधिकार आधीच मान्य करून घ्यावा आणि परतणाऱ्यासोबत पाठविण्यास एक जादा माणूस ठेवावा. ओझे वाहणाऱ्या हमालांनाही हीच काळजी लागू असावी. त्यांतील कित्येक खालच्या खोऱ्यांतून आलेले असतात, विरळ हवा त्यांनाही सोडीत नाही आणि रोजगार बुडेल या भीतीने त्यांचे दुखणे पाहुण्यांच्या दुखण्याहूनही मुके राहते. गावोगावच्या गिरिभ्रमण मंडळांनी प्रस्थानापूर्वीच्या बैठकीत कपड्यांच्या यादीइतकाच वेळ या नियमांना दिला, तर मोठे काम होईल.

ज्यांच्यापाशी खरोखरच दिवस थोडे आहेत, त्यांनी काय करावे? त्यांनी दिवसांना कात्री लावण्याऐवजी उंचीला लावावी. गढवालातील फुलांची दरी किंवा बंगालच्या सीमेवरचे ३,६३६ मीटर उंचीचे संदकफू ही ठिकाणे काही कमी प्रतीची नाहीत. संदकफूहून कांचनगंगा दिसते आणि आकाश निरभ्र असेल तर दूरवर एव्हरेस्टही दिसते. तेथेही सावकाश जावयास हवे. पण चार हजार मीटरच्या आत राहिलेल्या नवख्याला चूक सुधारण्यास अवसर बराच अधिक मिळतो. पहिल्या वर्षी तेथे जावे, आपले शरीर विरळ हवेत कसे वागते ते ओळखावे आणि पुरेशी रजा साठली म्हणजे पुढचा विचार करावा.

सुटी संपताच शाळा भरणार असते, टेबलावर फाइली वाट पाहत असतात, परीक्षा दाराशी आलेली असते. या सर्वांकडे परत येणे, हाही प्रवासाचाच भाग आहे. बेस कॅम्पपासून एका मुक्कामावर आलेला माणूस डोके दुखते म्हणून वळला, तर त्याची रजा वाया गेली असे कोणी म्हणू नये. बेस कॅम्प पुढल्या वर्षीही तेथेच असेल. तो माणूसही असला पाहिजे.