अभ्यासाच्या नावाने

मराठी मध्यमवर्गीय घराच्या उंबरठ्यावर ज्याला कोणी कधी अडवीत नाही, असा एकच शब्द आहे. तो शब्द म्हणजे 'अभ्यासासाठी'. ह्या शब्दाचा परवाना हाती असला की कोणतीही वस्तू बिनदिक्कत आत येते. चैनीची वस्तू चैन म्हणून मागावी, तर वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. तीच वस्तू अभ्यासासाठी म्हणून मागावी, तर तेच वडीलधारे बँकेचे पासबुक घेऊन बसतात. पाडव्याच्या मुहूर्तावर घरोघर जे लॅपटॉप येतात आणि ज्यांना कौतुकाने हळदकुंकू लागते, त्यांतले पुष्कळसे ह्याच परवान्यावर आलेले असतात. माझे भांडण आहे ते ह्या परवान्याशी.

ही रीत आजची नव्हे. आपल्या देशात दूरचित्रवाणी सुरू झाली ती 15 सप्टेंबर 1959 रोजी, दिल्लीत, एक प्रयोग म्हणून. आणि 1961 सालापासून तिच्यावरून दिल्लीच्या शाळांसाठी पाठ दाखवले जाऊ लागले. 1975-76 साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत ती नेली, तीही शेती, आरोग्य आणि शिक्षण ह्यांच्याच नावाने. पुढे त्या पेटीतून काय काय बाहेर पडले, ते मी सांगायला नको. पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. टीव्ही करमणुकीचा झाला, तो उजळ माथ्याने झाला. 'हा टीव्ही आम्ही ताईच्या एम. ए. साठी घेतला' असे आज कोणी म्हणत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच म्हणतो, आणि पुन्हा ते खरे मानून चालतो.

मी बोलतो आहे ते पदव्युत्तर अभ्यासाबद्दल. पदवीपर्यंतची मजल मोबाइल आणि झेरॉक्सच्या नोट्स ह्यांच्या बळावर कशीबशी मारता येते. एम. ए., एम. एस्सी., पीएच. डी. म्हटले की तसे जमत नाही. तिथे दहा शोधनिबंध शेजारी शेजारी उघडून ताडून पाहायचे असतात, शेकडो ओळींचे आकडे तपासायचे असतात, शंभर पानांचा प्रबंध तीनतीनदा लिहायचा असतो. आज ह्या कामाची साधने कधी नव्हती इतकी हाताशी आहेत. देशातल्या विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा'वर फुकट वाचता येतात. 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ह्या योजनेने सुमारे 13,000 नियतकालिके सरकारी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना खुली केली. आकडेशास्त्रासाठी 'आर', संदर्भांची टिपणे ठेवण्यासाठी 'झोटेरो', लिहिण्यासाठी 'लिब्रेऑफिस' ही सारी प्रणाली फुकट मिळते. ह्या संपत्तीला किल्ली लागते ती दोनच गोष्टींची: स्वतःचे एक यंत्र आणि निवांत चार तास. आणि आपली घरे नेमक्या ह्याच दोन गोष्टी 'अभ्यासासाठी' घेतलेल्या लॅपटॉपवर विद्यार्थ्याकडून काढून घेतात!

माझ्या हाताखाली संख्याशास्त्रात एम. एस्सी. चा प्रकल्प करणारी एक मुलगी होती. तिच्या शिष्यवृत्तीच्या पैशांत वडिलांनी थोडी भर घातली आणि लॅपटॉप घेतला. घेताना साऱ्या घराने मत दिले. धाकट्या भावाला खेळांसाठी ग्राफिक्स कार्ड हवे होते, आईला मालिकांसाठी मोठा पडदा हवा होता, वडिलांना क्रिकेटसाठी आवाज खणखणीत हवा होता. जिच्या नावाने हा घाट घातला, तिला काय हवे, हे विचारायचे तेवढे राहून गेले. संध्याकाळी यंत्र दिवाणखान्यात, जेवणानंतर भावाच्या मांडीवर, आणि अकरा वाजून गेल्यावर, निखाऱ्यासारखे तापलेले, ते तिच्या हाती येई. एके दिवशी भावाच्या नव्या खेळाला जागा कमी पडली. हल्लीचे मोठे खेळ शंभर-शंभर जीबी जागा गिळतात. त्याने जी 'जुनी' फाइलींची थप्पी काढून टाकली, तीत तिने गावोगाव हिंडून गोळा केलेली माहिती होती. तिचे एक सत्र बुडाले. वडील तिची समजूत घालताना म्हणाले, "अगं, घरातलीच वस्तू ना ती? भावाला काय नको म्हणायचं?"

तो मुलगा वाईट नव्हता, वडीलही नव्हते. यंत्र बहिणीचे आहे, असे त्या घरात कोणी कधी म्हटलेच नव्हते, एवढाच काय तो दोष. आणि वाचकहो, हे 'काय नको म्हणायचं' आपल्या घरांत मुलांपेक्षा मुलींना आणि मुलींपेक्षा सुनांना अधिक वेळा ऐकावे लागते, हे तुम्हांला ठाऊक आहे. लग्नानंतर पीएच. डी. करणाऱ्या कोणत्याही सुनेला विचारून पाहा.

खंडेनवमीला सुतार आपल्या रंध्याची पूजा करतो. तो रंधा पोराला खेळायला देत नाही, त्याच्यावर सुपारी फोडू देत नाही. का? तो कंजूष आहे म्हणून? नव्हे, रंध्याचे पाते बोथट झाले तर उद्या चूल पेटणार नाही, हे त्याला कळते म्हणून. हत्यार आणि सामान ह्यांतला हा भेद ज्याच्या हाताला घट्टे पडले आहेत त्याला समजतो, आणि आपल्यासारख्या शिकल्यासवरल्यांना तो समजावून सांगावा लागतो, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा लॅपटॉप हे त्याचे हत्यार आहे. ते घरातल्या पाटासारखे नव्हे, की जो येईल त्याने त्यावर बसावे.

आता पूर्वपक्ष ऐकू. पहिला आक्षेप काटकसरीचा. 'एकाच खर्चात दोन कामे होत असतील तर दोन यंत्रे कशाला?' दुकानदारही हेच मंत्र म्हणतो: "हे घ्या साहेब, ह्यात सगळं येतं." येते खरे, पण काय काय येते ते पाहा. खेळांसाठी केलेला लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोंचा असतो, आणि त्याचा चार्जर जवळजवळ अर्ध्या किलोचा. कल्याणहून कलिन्याला लोकलने जाणाऱ्या मुलीने तो रोज खांद्यावर वाहायचा. त्याची बॅटरी पुष्कळदा तीन-चार तासांत मान टाकते. म्हणजे ग्रंथालयात पुस्तकांचे कपाट शोधण्याआधी भिंतीतले प्लग शोधायचे. ह्या यंत्रातला पडदा सेकंदाला 144 वेळा ताजा होतो म्हणून त्याची कीर्ती; पण सिनेमा पूर्वापार सेकंदाला 24 चित्रांचाच असतो, आणि प्रबंधाचे पान तर जागचे हलतही नाही. म्हणजे ज्या गुणासाठी जास्त दाम मोजले, त्याचा उपयोग ना आईला, ना वडिलांना, ना जिच्या नावाने घेतले तिला. उपयोग एका धाकट्या भावाला!

आणि करमणूक तरी नीट होते काय? साडेपंधरा इंचांच्या पडद्यापुढे पाच माणसे दाटीने बसलेली मी पाहिली आहेत. कडेच्या दोघांना अर्धा सामना अंदाजानेच पाहावा लागतो. त्रेचाळीस इंची टीव्हीचा पडदा क्षेत्रफळाने ह्याच्या सुमारे साडेसात पट असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. लॅपटॉपवर तो आधीपासूनच 18 टक्के होता. म्हणजे मोठ्या टीव्हीवर चैनीचा म्हणून जो जादा कर बसत होता, तो सरकारने स्वतःच्या हाताने उतरवला. मग आपणच करमणुकीला अभ्यासाचा बुरखा का घालावा? ग्राफिक्स कार्डाच्या हौसेपायी साध्या लॅपटॉपपेक्षा पुष्कळदा वीस हजारांच्या वर जास्त जातात. तेवढ्यात साऱ्या घराला पुरेल असा टीव्ही येतो. काटकसर म्हणतात ती ही.

दुसरा आक्षेप असा की, 'जेवढे यंत्र दांडगे, तेवढा अभ्यास चांगला.' हे म्हणजे पत्र लिहिणाऱ्याला कुऱ्हाड देण्यासारखे आहे. वाचनलेखनाच्या अभ्यासाला लागते ते असे: मेमरी 16 जीबी, कारण पुष्कळशा पातळ यंत्रांत ती पक्की जोडलेली असते आणि मागाहून वाढवता येत नाही, साठवणीला एसएसडी, 512 जीबीची, वजन दीड किलोच्या आत, दिवसभर पुरणारी बॅटरी, आणि बोटांना न शिणवणारा कळफलक. ह्या शेवटच्या गोष्टीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. शंभर पाने लिहायची असतील, तीही देवनागरीत, तर कळफलक हाच खरा गुरुबंधू! दुकानात गेल्यावर सिनेमाचा तुकडा लावून पाहू नका. दोन परिच्छेद टाइप करून पाहा.

ह्याला अपवाद आहेत, आणि ते मी नाकारीत नाही. वास्तुरचना, ॲनिमेशन, चित्रफितींचे संकलन, यंत्रशिक्षण ह्या विषयांत ग्राफिक्स कार्ड हेच अभ्यासाचे अवजार असते. अभियांत्रिकीची 'सॉलिडवर्क्स'सारखी किंवा नकाशाशास्त्राची 'आर्कजीआयएस प्रो'सारखी प्रणाली विंडोजवरच चालते. तिथे ॲपलचे देखणे यंत्र घेऊन बसणारा फसतो. म्हणून आधी विभागात जाऊन विचारावे, मग दुकानात जावे. पण हे अपवाद त्या त्या विद्यार्थ्याच्या विषयाने ठरावेत. घरातल्या इतरांच्या हौशींनी ठरू नयेत.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'ज्या घरात एकाच यंत्राची ऐपत आहे, त्याने काय करावे?' माझे उत्तर असे, की एकच असेल तर ते दुप्पट निश्चयाने विद्यार्थ्याचेच असले पाहिजे. दोन घास असतील तर वाटून खावेत. पण एकच औषधाचा डोस असेल, तर तो आजाऱ्यालाच देतात. शिवाय नवेच घ्यायला हवे असे थोडेच आहे? मोठ्या कचेऱ्यांतून तीनचार वर्षांनी बदलून निघालेले लॅपटॉप दुरुस्त होऊन वॉरंटीसह विकायला येतात. दिसायला ते ओबडधोबड. पण कळफलक उत्तम, आणि पुष्कळांत मेमरी वाढवण्याची सोय. फक्त एवढे पाहावे, की प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा आहे. कारण विंडोज 10 चे नियमित पाठबळ 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले आणि विंडोज 11 साधारणपणे त्याहून जुन्या प्रोसेसरांना जवळ करीत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप: 'मग विद्यार्थ्याने हसायचे-खेळायचेच नाही काय?' अहो, कोण म्हणतो! मी स्वतः नाटकसिनेमाचा शौकीन आहे. दिवसभर आकडे घासून थकलेल्या मुलीने रात्री आपल्या यंत्रावर एखादा चित्रपट पाहिला, तर तो तिचा हक्क आहे. यंत्र तिचे, वेळ तिची. 1972 साली ॲलन के ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने वहीएवढ्या, 4 पौंडांहून हलक्या संगणकाचे स्वप्न एका निबंधात मांडले. त्या निबंधातली मुले त्यावर खेळतातही, आणि खेळता खेळता खेळामागचे शास्त्र शोधू लागतात. पण ते यंत्र ज्याचे त्याचे आहे; 'वैयक्तिक' हा शब्द त्या निबंधाच्या नावातच आहे. त्याच वर्षी, 2 ऑक्टोबरला, मुंबई दूरदर्शन सुरू झाले. एक वस्तू एकट्याने वाचण्या-लिहिण्याची, दुसरी सर्वांनी मिळून पाहण्याची. दोन्ही चांगल्या, दोन्हींना घरात जागा हवी. पण एका म्यानात ह्या दोन तलवारी राहत नाहीत. कोंबल्या तर म्यान फाटते, आणि ते फाटलेले म्यान नेहमी विद्यार्थ्याच्याच वाट्याला येते.

म्हणून, वाचकहो, लॅपटॉप घ्यायला निघालात की दुकानाच्या पायरीवर एक प्रश्न स्वतःला विचारा: हे यंत्र कोणाचे? उत्तर 'सगळ्यांचे' असेल, तर खुशाल म्हणा की आम्ही करमणूक विकत घेतो आहोत. सणासुदीला करमणूक विकत घेण्यात लाजण्यासारखे काही नाही. उत्तर 'मुलीचे' किंवा 'सुनेचे' असेल, तर निवड तिला करू द्या, परवलीचा शब्द तिला ठरवू द्या, आणि तो तिला विचारू नका. सरस्वतीच्या नावाने वस्तू आणून ती घरभर फिरवायची, ही चाल आता पुरे झाली.